कागद, पोथी आणि पाटी

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की रंगाच्या दुकानांतून जी गर्दी उसळते, ती पाहण्यासारखी असते. दुकानदार गल्ल्याशेजारी शेडकार्ड उलगडून ठेवतो आणि बोटाच्या पेराएवढ्या चौकोनांवरून नवराबायकोंचा खल सुरू होतो. तिला फिका पिस्ता हवा असतो, त्याला मळखाऊ बदामी. अखेर कोणाचा तरी विजय होतो, डबे घरी येतात आणि कार्डावर गोजिरवाणा दिसणारा तो पिस्ता सबंध भिंतीवर बसला म्हणजे इस्पितळाची आठवण करून देतो! जुना रंगारी मात्र अशा वेळी घाई करीत नाही. तो भिंतीच्या कोपऱ्यात हातभर पट्टा मारतो आणि म्हणतो, "आज दिव्यात बघा, उद्या उन्हात बघा, मग काय ते सांगा."

वाचकहो, या रंगाऱ्याच्या शहाणपणाला संगणकाच्या जगात आता शास्त्राची प्रतिष्ठा लाभली आहे. वस्तू करणाऱ्याला ती कशी वाटते हे महत्त्वाचे नाही. जो ती प्रथमच हाती घेणार, त्याला ती वापरता येते की नाही, हे समोर बसून पाहायचे. इंग्रजीत याला युजेबिलिटी टेस्टिंग म्हणतात. आपण वापर-परीक्षा म्हणू. परीक्षा म्हटले की आमच्यासारख्या मास्तरांचे कान टवकारतात. परंतु या परीक्षेत एक मोठा उलटा न्याय आहे. येथे उमेदवार नापास होत नाही. उमेदवाराला उत्तर आले नाही, तर प्रश्नपत्रिका नापास होते!

ही परीक्षा जवळून पाहण्याचा योग यंदा मला आला. माझा एक जुना विद्यार्थी हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो. आठवड्याचे पाच दिवस तो परदेशी लोकांची कामे उरकतो आणि रविवारी, हौस म्हणून, आमच्या थेरगावातील एका लहानशा वाचनालयाचे संकेतस्थळ सजवतो. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे उलटली, की आपल्याकडे पुस्तकावरील स्वामित्वहक्क सरतो. अशी हक्क सरलेली जुनी पुस्तके लोकांना पडद्यावर फुकट वाचता यावीत, हा त्याचा संकल्प. त्यात त्याने एक विशेष सोय केली होती. वाचणाऱ्याने आपल्या आवडीचे रूप निवडावे. पांढरे, निळसर, गुलाबी, काळे, अशा सात तऱ्हा. त्यांना तो 'थीम' म्हणे.

ही थीम म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या दुकानात नमुन्यांचा जाडजूड अल्बम असतो. मजकूर आपला एकच; परंतु तो कुंकवाच्या रंगाच्या जाड कागदावर सोनेरी शाईत घ्यावा की साध्या पिवळ्या कार्डावर, हे आपण क्रमांक सांगून ठरवतो. संगणकावरही मजकूर आणि त्याचा पेहराव वेगळे ठेवण्याची युक्ती हॉकून ली या नॉर्वेजियन गृहस्थाने १९९४ साली मांडली आणि १९९६ साली ती रीतसर मान्य झाली. पुढे २००३ साली डेव्ह शे या कॅनडातील कलावंताने एकाच पानाला अनेकांकडून निरनिराळे पेहराव शिववून घेतले आणि जगापुढे मांडले. अक्षर न् अक्षर तेच. पण एक पान बागेसारखे, तर दुसरे जुन्या चित्रपटाच्या जाहिरातीसारखे. लोक थक्क झाले. तेव्हापासून संकेतस्थळाला कपडे बदलता येणे ही नित्याची गोष्ट झाली. २०१९ साली तर मोबाइलमध्येच काळ्या पार्श्वभूमीची सोय आली आणि घरोघरी 'डार्क मोड' हा शब्द पोचला.

घरोघरी पोचला, असे निदान आपल्याला वाटते. माझ्या विद्यार्थ्यालाही तसेच वाटत होते.

पाचजण निवडायचे ठरले. पाचच का? तर याचाही एक हिशेब आहे. जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉअर या दोघांनी १९९३ साली बऱ्याच परीक्षांचे निकाल तपासून असे दाखवले, की एक माणूस बसवला तर सरासरीने शेकडा एकतीस दोष उघडे पडतात. दुसरा बसवला की त्यातले काही तेच, काही नवे. असे करता करता पाचव्या माणसापर्यंत सुमारे पंच्याऐंशी टक्के दोष हाती लागतात. पुढे नवे फारसे मिळत नाही. म्हणून पंधरा माणसांना एकदा बसवण्यापेक्षा पाचांना बसवावे, दुरुस्ती करावी आणि पुन्हा नवे पाच बसवावेत. स्वयंपाकात मीठ पाहायला सबंध पातेले संपवावे लागत नाही, त्यातलाच हा प्रकार. आकड्यांवर पुढे वाद पुष्कळ झाले, पण लहान कामाला हा हिशेब अजून उपयोगी पडतो.

दुसरा नियम असा, की माणसाने मनात येईल ते मोठ्याने बोलत काम करायचे. आणि तिसरा नियम मास्तरांचा अंत पाहणारा. शेजारी बसणाऱ्याने मदत करायची नाही! उत्तर आपल्या जिभेच्या टोकावर असते, समोरचा माणूस गोंधळलेला असतो आणि आपण मात्र देवळातल्या नंदीसारखे स्वस्थ. प्रश्न विचारतानाही पडद्यावरचा शब्द उच्चारायचा नाही. "थीम बदला" असे सांगितले, तर कोणीही 'थीम' हा शब्द शोधून त्यावर टिचकी मारील. त्यात परीक्षा कसली? म्हणून आम्ही म्हणत होतो, "संध्याकाळ झाली आहे, पांढऱ्या पडद्याने डोळ्यांना त्रास होतो आहे. आता तुम्ही काय कराल?"

पहिली आली ती आमच्याच महाविद्यालयातली, कलाशाखेच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. 'थीम निवडा' ही अक्षरे तिने चटकन वाचली. पण तिथे बोट नेईना. "सर, थीम म्हणजे आशयसूत्र ना? इथे ग्रामीण, दलित, स्त्रीवादी अशी पुस्तकं निघतील." काय बोलणार? तो शब्द त्याच अर्थाने तिला वर्गात शिकवला जातो. दुसरी, चौकात पोळीभाजी केंद्र चालवणारी लातूरकडची बाई. तिने 'थीम' म्हणताच हसून सांगितले, "ते वाढदिवसाला करतात, सगळ्यांनी एका रंगाचे कपडे घालायचे, ते." अर्थ तसा फार दूर नव्हता! परंतु काळ्या पडद्यासाठी काढलेली चंद्रकोर तिने पाहिली आणि तिचा चेहरा उजळला. "संकष्टीचा चंद्रोदय इथे कळतो का हो?" कालनिर्णयाच्या देशात चंद्राच्या चित्राचा दुसरा अर्थ कोणी का काढावा?

तिसरा, आयटीआय करून चाकणच्या कारखान्यात उमेदवारी करणारा तरुण. त्याला काही अडचण पडणार नाही, असे माझ्या विद्यार्थ्याने पैजेवर सांगितले होते. पोराने भराभर सातही तऱ्हा पालटून पाहिल्या आणि सहाव्या तऱ्हेवर, फिकट गुलाबीवर फिकट पिवळी अक्षरे असलेल्या रूपात, अडकून पडला. कारण परत जाण्याचे बटणही त्याच पिवळ्या रंगात विरघळून गेले होते! घरात शिरावे आणि दार भिंतीच्या रंगाचे असल्यामुळे बाहेर पडता येऊ नये, तशी त्याची अवस्था झाली. वास्तविक याविषयी नियम आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००८ साली ठरवून दिले, की साध्या मजकुराच्या आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात निदान साडेचारास एक एवढे अंतर हवे. काळ्या-पांढऱ्यात ते एकवीसास एक असते. आपल्या सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ साली जी मार्गदर्शक सूत्रे निघाली, त्यांतही वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार आहे. नियम होता, पाळला नव्हता, एवढेच.

चौथ्या, एक निवृत्त शिक्षिका. त्यांनी चष्मा पुसला, हात जोडले आणि विचारले, "मी काही बदललं, तर वाचनालयातल्या सगळ्यांचंच बदलेल का? कोणी रागावणार नाही ना?" वरवर भाबडा वाटणारा हा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा निघाला. संकेतस्थळ आपली निवड त्या यंत्रात लक्षात ठेवते. घरच्या मोबाइलवर ते ठीक. पण वाचनालयातला संगणक सर्वांचा. बाई काळा पडदा करून उठल्या असत्या, तर पुढच्या माणसाला वाटले असते, यंत्र बिघडले!

पाचवे आले ते एक काका. वय अडुसष्ट, मूळ सातारा जिल्ह्यातले. तरुणपणी इकडे कारखान्यात लागले आणि पुरी तीस वर्षे त्यांनी हॉबिंग मशीनवर गिअर कापले. आता एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याची शस्त्रक्रिया होऊन गेलेली. वाचनाचा नाद जबर. पण छापील अक्षर हल्ली जड जाते. खरे सांगायचे तर हे संकेतस्थळ ज्यांच्यासाठी होते, ते हेच. मोठे अक्षर आणि काळी पार्श्वभूमी या दोन्ही सोयी त्यांच्यासाठी सज्ज होत्या. कोठे? तर पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका दातेरी चाकाच्या चित्रामागे.

काकांनी ते चाक पाहिले. बराच वेळ पाहिले. मग बोलत काम करायचे हे आठवून म्हणाले, "हा गिअर आहे." पुन्हा गप्प. त्यांचा हात टेबलावरून उचलला गेला आणि मांडीवर जाऊन बसला. "सर, गिअरला हात लावायचा नसतो. कारखान्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. आमच्या शेजारच्या मशीनवरच्या पोराची दोन बोटं गेली होती." थोडे थांबून त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "राहू द्या सर. हे तुम्हा शिकलेल्यांचं काम. आपल्याला नाही जमत."

मागे उभ्या असलेल्या माझ्या विद्यार्थ्याचा चेहरा पाहवत नव्हता. सारी दुनिया दातेरी चाकाचा अर्थ 'मांडणी बदला' असा घेते, म्हणून त्याने ते चित्र घेतले होते. आणि ज्याने आयुष्यभर ते चाक स्वतःच्या हाताने घडवले, त्यालाच त्या चित्राने बाहेर थांबवले!

या प्रसंगातली बोचणारी गोष्ट कोणती? वाट सापडली नाही, ही नव्हे. काकांनी दोष स्वतःकडे घेतला, ही. डोनाल्ड नॉर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली रोजच्या वस्तूंवर एक ग्रंथ लिहिला. ओढावे की ढकलावे हे न कळणाऱ्या दरवाजांची त्यात मोठी मनोरंजक चर्चा आहे. परंतु त्याचे खरे म्हणणे हे, की वस्तू वाईट घडवलेली असली तरी माणसे स्वतःलाच दूषण देतात. आपल्याकडे तर या दूषणाला जुनी धार आहे. कचेरीतला फॉर्म समजला नाही, आपण अडाणी. बँकेचे यंत्र कार्ड घेईना, आपण अडाणी. ज्या हातांनी हजारांश इंचाच्या मापात पोलाद कापले, ते हात एका काचेपुढे आपल्याला अडाणी ठरवून मागे सरतात. या पट्ट्यातली वस्ती अशा हातांनी उभी राहिली आहे. म्हणून वाचनालयाच्या कोपऱ्यातले ते चित्र मला क्षुल्लक वाटत नाही.

परीक्षा संपल्यावर मदत करायला बंदी नसते. मी काकांना विचारले, "तुम्हाला हे पान कसं हवं होतं?" ते म्हणाले, "कागद काळा आणि अक्षर पांढरं झालं असतं तर बरं. शाळेतल्या पाटीसारखं."

काकांच्या या मागणीला शास्त्राचा आधार आहे, हे मुद्दाम सांगतो; कारण काळा पडदा सर्वांच्याच डोळ्यांना हितकर, असा एक समज हल्ली पसरला आहे. जर्मनीतील संशोधकांनी २०१३ साली तपासले, तेव्हा पांढऱ्यावर काळे अक्षरच तरुणांना आणि वृद्धांनाही अधिक नीट दिसते असे आढळले. उजेड जास्त असला की डोळ्याची बाहुली लहान होते आणि चित्र रेखीव उमटते. मग काळा पडदा निरुपयोगी का? नव्हे. अमेरिकेत गॉर्डन लेगे यांनी अधू दृष्टीच्या लोकांवर जे प्रयोग केले, त्यांत १९८५ सालीच दिसून आले होते, की डोळ्यातील भिंग ढगाळलेल्यांना काळ्यावर पांढरे अक्षर पुष्कळदा अधिक चांगले वाचता येते. धुकट काचेतून भगभगीत उजेड शिरला की तो विखुरतो आणि अक्षर पुसट होते. उजेड कमी, तर विखुरणेही कमी. तेव्हा निवड हा चैनीचा प्रकार नव्हे. एकाला जे नडते तेच दुसऱ्याला तारते, म्हणून निवड हवी.

ही गोष्ट आपल्या जुन्या छापखानेवाल्यांना ठाऊक होती. एकच ग्रंथ ते बांधीव पुस्तकाच्या रूपात काढीत आणि लांबट सुट्या पानांच्या पोथीच्या रूपातही काढीत. मांडी घालून चौरंगावर वाचणाऱ्याला पोथी सोयीची. शिवाय 'मोठ्या टाइपात' असे जाहिरातीत ठळकपणे सांगत, कारण पारायण करणारे बहुधा उतारवयातले. देवनागरीच्या गरजाही त्यांना नेमक्या माहीत होत्या. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार. दोन ओळींत इंग्रजीइतकेच अंतर ठेवले, तर वरचा उकार खालच्या वेलांटीच्या डोक्यावर आदळतो. परदेशी मापाने बेतलेल्या त्या सात तऱ्हांपैकी दोन तऱ्हांत हेच होत होते आणि 'दुर्वृत्त' हा शब्द खरोखरच तसा दिसत होता!

मराठी मुलखात या दिशेने काम झाले आहे, हेही नोंदले पाहिजे. मुंबईच्या आयआयटीत १९६९ साली औद्योगिक अभिकल्पाचे केंद्र निघाले. तेथील प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णमालेच्या क्रमाने अक्षरे मांडलेला 'कीलेख' हा कळफलक २००४ साली विद्वानांपुढे मांडला, आणि पुढे मोबाइलसाठी 'स्वरचक्र' काढले. व्यंजनावर बोट ठेवले की भोवती बाराखडी फुलते. जो क्रम माणसाला बालपणापासून पाठ आहे तोच यंत्राने स्वीकारायचा, ही त्यामागची दृष्टी. नव्या माणसाला नवे काय शिकवावे, याआधी त्याला जुने काय येते, हे पाहायचे.

आमच्या संकेतस्थळाचे पुढे काय झाले? त्या रात्री माझ्या विद्यार्थ्याने सातांपैकी चार तऱ्हा काढून टाकल्या. दातेरी चाक गेले, चंद्रकोर गेली, 'थीम' हा शब्दही गेला. पानाच्या माथ्यावर दोनच ओळी उरल्या. एकीत 'अक्षर' आणि पुढे लहान, मध्यम, मोठे. दुसरीत तीन नावे: कागद, पोथी, पाटी. पांढरा तो कागद, पिवळसर ती पोथी, काळी ती पाटी. ही नावे मी सुचवली, असे तो चारचौघांत सांगतो. पण ते खरे नाही. 'पाटी' काकांची, 'कागद'ही त्यांचाच. मराठीचा अध्यापक या नात्याने मी फक्त 'पोथी'ची भर घातली. जोडीला 'पहिल्यासारखे करा' असे एक बटण आले, जे सर्व तऱ्हांत काळ्या-पांढऱ्यातच राहते. वाचनालयातला संगणक दर माणसागणिक आपोआप मूळ रूपावर येऊ लागला.

मग नवे पाच बसवले. जुने चालत नाहीत, कारण ते आता शिकलेले. चौघांनी सांगताक्षणीच हवे ते रूप निवडले. पाचव्या आजी 'पोथी'वर बोट दाबून वाट पाहत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "पान पिवळं झालं, पण हरिविजय कुठे आहे?" माझ्या एकुलत्या एका शब्दाची अशी शोभा झाली! आता तिन्ही नावांच्या वर त्या त्या रंगाचा लहानसा तुकडा आणि त्यावर ठसठशीत 'अ' असे दाखवले आहे. त्यानंतर अद्याप कोणी तेथे हरिविजय मागितलेला नाही.

वाचकहो, येत्या वर्षात आपल्यापुढे आणखी कितीतरी पडदे येतील. पाणीपट्टीचे, रेल्वेचे, दवाखान्याचे. एखाद्या ठिकाणी वाट सापडली नाही, तर "मला येत नाही" असे म्हणून खुर्ची मागे सरकवू नका. "हे नीट केलेले नाही" असे म्हणून पाहा. मोठ्याने म्हणा, शेजारी कोणी ऐकत असेल, तर त्याच्याही उपयोगी पडेल. आणि आपण स्वतःच असे काही घडवणारे असाल, तर रविवारी चहाचे पाच कप मांडा, पाच अनोळखी माणसे बोलवा आणि तासभर जीभ आवरून बसा.

काकांचे म्हणाल, तर ते आठवड्यातून तीन वेळा वाचनालयात येतात. पाटीवर मोठे अक्षर लावतात. परवा मला म्हणाले, "सर, तुमच्या पोरानं पुस्तकं फार थोडी ठेवलीत. दिवाळीनंतर मी काय वाचू?"